फॉन्ट बदलला म्हणजे फाइल युनिकोड झाली?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या दूध संस्थेची जुनी सभासद यादी प्रोग्रॅमने वाचायची वेळ आली, की काही समज हटकून आडवे येतात.

गैरसमज : एन्कोडिंग फाइलमध्येच लिहिलेलं असतं.
साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नुसते बाइट असतात. यूटीएफ-८ मध्ये 'क' म्हणजे २२४, १६४, १४९ हे तीन बाइट. विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य कोडने वाचले, तर त्यांचीच तीन निराळी चिन्हं होतात. सुरुवातीला २३९, १८७, १९१ ही बीओएमची खूण असली तर उलगडा होतो. पण ती असतेच असं नाही.

गैरसमज : एरर आली नाही, म्हणजे फाइल बरोबर वाचली.
लॅटिन-१ कुठलाच बाइट नाकारत नाही, त्यामुळे चुकीचं वाचनही बिनबोभाट पार पडतं. यूटीएफ-८ चे नियम काटेकोर आहेत. म्हणून आधी तेच लावून पाहावं. एरर आली तर ती दडपू नये. 'इग्नोर' लावलं की अक्षरं गळतात आणि सभासदाचं नाव कायमचं अर्धवट राहतं.

गैरसमज : मराठी फॉन्ट लावला की काम झालं.
सर्वांत जास्त नुकसान या समजाने होतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात. अशी फाइल यूटीएफ-८ म्हणून जतन केली, तर वरची परीक्षा ती सहज पास होते! म्हणून दुसरी तपासणी हवी. युनिकोडमध्ये देवनागरीचे क्रमांक २३०४ ते २४३१ आहेत. मराठी म्हणवणाऱ्या फाइलमध्ये या पट्ट्यातलं काहीच सापडलं नाही, तर ती जुन्या फॉन्टची आहे असं समजावं.

तिथे साधं 'शोधा आणि बदला' पुरत नाही. 'गडहिंग्लज' घ्या. युनिकोडमध्ये आधी 'ह' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. कृतिदेवमध्ये वेलांटी आधी येते. क्रम बदलणारा, त्या-त्या फॉन्टसाठी लिहिलेला कन्व्हर्टरच लागतो.

युनिकोड झाल्यावरही 'कऱ्हाड' दोन तऱ्हांनी टंकलेलं सापडतं. दिसायला सारखं, पण प्रोग्रॅमला ती दोन वेगळी गावं वाटतात.

रूपांतराला हात घालण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि कुठल्या फॉन्टमध्ये टंकली होती, ते तिच्या नावातच लिहा.