नाव बदललं तरी फाइल ओळखता येते : हॅशची गोष्ट

गेल्या महिन्यात मामांनी व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. नाव ‘आरटीओ ई-चलान’, शेवटी डॉट एपीके. सोबत मेसेज : “अरे, दंड आलाय म्हणे. उघडू का?” मी नेरूळ स्टेशनवर होतो. लगेच फोन केला, “मामा, हात लावू नका त्याला!”

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचं पॅकेज. खऱ्या चलानसाठी ते लागतच नाही; परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीचे तपशील टाकून दंड तपासता येतो. असली बनावट ॲप्स एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि बँकेचे ओटीपी पळवतात.

घरी लॅपटॉपवर त्या फाइलचा हॅश काढला. फाइल उघडावी लागत नाही. लिनक्समध्ये आणि विंडोजमध्ये त्यासाठी एका ओळीची कमांड आहे.

हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचे ठसेच समजा. फाइलमधला प्रत्येक बाइट ठरलेल्या गणितातून जातो आणि एक कोड निघतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो, मग फाइल १ केबीची असो वा १ जीबीची. आत एक बिट बदलला तरी अख्खा कोड बदलतो. फाइलचं नाव मात्र या हिशेबात नसतंच.

तो कोड मी व्हायरसटोटलच्या सर्चमध्ये टाकला. बऱ्याच अँटीव्हायरसनी लाल खूण केलेली होती. गंमत पुढेच : हीच फाइल तिथे लग्नपत्रिकेच्या नावानेही नोंदलेली होती. नाव वेगळं, हॅश तोच.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हॅश सापडला नाही म्हणजे फाइल सुरक्षित, असं नाही. चोराने थोडा बदल केला की नवा हॅश तयार होतो. आणि सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, तर हॅश मूळ कंपनीच्या साइटवर दिलेल्या हॅशशी जुळवा, फॉरवर्ड मेसेजमधल्या नाही. तिथेही एसएचए-२५६ च बघा. जुनी एसएचए-१ पद्धत आता भरवशाची नाही : २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या.

घरात कुणी असं ॲप आधीच टाकलं असेल, तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा. मामा थोडक्यात वाचले, कारण त्यांनी आधी विचारलं.