रायगडच्या किनाऱ्यावर दुकान थाटायचे तर कोणत्या मोसमात यावे?

भिवंडी, मालेगाव आणि मुंबईकडील अनेक व्यापारी बंधू आम्हाला विचारतात की, रायगडच्या किनाऱ्यावर दुकान काढण्याचा विचार आहे, तर जागा पाहायला केव्हा यावे? बहुतेकांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेले असते. डिसेंबर-जानेवारीत यावे, हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत माणसांची गर्दी असते. आमचा सल्ला उलटा आहे. माल भरायला आणि राहायला हिवाळ्यात जरूर या, परंतु जागा पाहायला जुलैमध्येच या आणि तेही पाऊस सलग चार दिवस लागलेला असताना.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेले नाही. २०१५ च्या मार्चमध्ये आम्ही श्रीवर्धन तालुक्यात एक गाळा भाड्याने घेतला. समोर रस्ता, मागे नारळाची वाडी, दुपारीही वारा खेळता. त्या वर्षी रमजान ईद १८ जुलैला होती, म्हणून मेअखेरीस दुकान गच्च भरले. ड्रेस मटेरियल, पांढरे सुती कापड, कुर्त्याचे तागे, थोडे जरीकाम. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मागच्या भिंतीला ओल आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तागे उलगडले तर घडीच्या कडेने काळे ठिपके. खळ दिलेल्या कापडावर बुरशी फार लवकर धरते, हे आम्ही तीस वर्षे कापड विकून जाणत होतो. परंतु घाटावरच्या दुकानात जाणणे वेगळे आणि किनाऱ्यावर अनुभवणे वेगळे. जरी काळवंडली, टाचण्यांच्या जागी गंजाचे डाग पडले. ईदच्या आदल्या दिवशी आम्ही निम्म्या दरात माल काढत होतो. मालकाला बोल लावून उपयोग नव्हता, मार्चमध्ये ती भिंत खरोखरच कोरडी होती. शेजारच्या वयस्कर शिंपीमामांनी मात्र एकच प्रश्न केला, "शेठ, जागा घेताना नैर्ऋत्येची भिंत कोणती ते पाहिले होते काय?"

आम्ही पाहिले नव्हते. इथला पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त मारतो. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून थेट येतो आणि त्याच बाजूच्या भिंतीवर झड बसते. जुनी कोकणी माणसे पावसाआधी त्या बाजूला विणलेल्या झावळ्या बांधत, ते उगीच नव्हे. जिल्ह्याची पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

गंमत अशी की, ज्या शब्दाने आपण ऋतू सांगतो तो 'मोसम' अरबी 'मौसिम'वरून आला, आणि इंग्रजांचा 'मॉन्सून'ही पोर्तुगीजांमार्फत त्याच शब्दावरून. अरबी ताडवे वाऱ्याची दिशा पाहूनच या किनाऱ्यावर येत-जात. अल-मसऊदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, रेवदंड्याजवळच्या चौल बंदरात आला होता. तेथे सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेल्या लोकांसह सुमारे दहा हजार मुस्लिमांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे हेच चौल रेशमी कापडासाठी नावाजले. या व्यापाऱ्यांनीही पावसाळ्यात समुद्राशी हुज्जत घातली नाही.

आजही फार फरक नाही. गेटवे ते मांडवा लाँच जून ते ऑगस्ट साधारणपणे बंद असतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यापासून गाडीसह येता येते, पण समुद्र खवळला की तीही थांबते. जंजिरा किल्ला पावसाळ्यात पर्यटकांना बंद, म्हणून राजपुरी-मुरूडचा बाजार थंड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी, म्हणून कोळीवाड्यात रोख पैसा नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि किती रखडले हे सांगायला नको. खड्ड्यांतून टेम्पो किती तासांत येतो, हे जुलैमध्येच कळते. ताम्हिणी घाटात दरड पडली की पुण्याचा मालही अडकतो. जानेवारीत आलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही, आणि भाडे मात्र तो बारा महिन्यांचे ठरवून जातो.

जुलैमध्ये बाजारात उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे खरा गिऱ्हाईक कोण. हिवाळ्यातला पर्यटक टोपी, टॉवेल आणि अर्धी चड्डी घेतो. त्यावर कापडाचे दुकान चालत नाही. याउलट आखातातल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडची कुवेत-सौदीतील कुटुंबे तेव्हाच गावी येतात आणि जमेल तशी लग्नेही उरकतात. तेव्हा दुकान पावसात अगदीच बंद ठेवावे असे नाही, माल मोजका ठेवावा.

आता ईदचा हिशोब. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येते. २०१४ ची ईद २९ जुलैला, २०१६ ची ७ जुलैला, २०१९ ची ५ जूनला. ती सर्व वर्षे किनाऱ्यावरच्या कापडवाल्यांनी ओल सांभाळत काढली. २०२५ ची ईद ३१ मार्चला आली. येथून पुढे ती फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर अशी हिवाळ्यात शिरत जाईल. म्हणजे ईद, लग्नसराई, भातकापणीनंतरचा पैसा आणि अलिबागकडे फेब्रुवारीपासून येणाऱ्या पांढऱ्या कांद्याचा पैसा, हे सारे कोरड्या महिन्यांत एकवटत आहे. नव्याने येणाऱ्यांसाठी ही दहा-पंधरा वर्षे चांगली आहेत. मात्र सहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे भाडे निघते काय, हे गणित आधी कागदावर मांडा.

आणि निसर्ग चक्रीवादळ विसरू नका. २०२० ची ईद २५ मेला टाळेबंदीतच गेली आणि नऊ दिवसांनी, ३ जूनला, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यासह हे वादळ दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला अनेक वर्षे जातात. बागायतदाराच्या खिशावर जो घाव पडला तो आमच्या उधारीच्या वहीत पुढे बराच काळ दिसत राहिला. उधारी देताना समोरच्याची वाडी उभी आहे काय, हे पाहणे आम्ही तेव्हापासून सुरू केले.

सुतार, रंगारी, गवंडी बंधूंचा मोसम निराळा. दिवाळीनंतर बंगल्यांची कामे निघतात, एप्रिल-मेमध्ये छप्पर दुरुस्तीची घाई असते आणि तेव्हा मजुरी चांगली मिळते. जूनमध्ये रंगाचे काम घेऊ नये. भिंत सुकत नाही, पैसे अडकतात.

कुटुंब आणायचे असेल तर पेच शाळेचा आहे, कारण शाळा जूनमध्येच उघडतात. आमच्या पाहण्यात सोयीचे असे की, पुरुषाने दसऱ्यानंतर एकट्याने येऊन दुकान लावावे, घर एका पावसाळ्यात आधीच पाहिलेले असावे, आणि मुलांना परीक्षा आटोपल्यावर मेच्या मध्यापर्यंत आणावे. मेअखेर सामान हलवणारे बरेच जण पहिल्या सरीत गाद्या भिजवून बसतात.

आमच्या सध्याच्या गाळ्याची नैर्ऋत्य भिंत शेजारच्या किराणा दुकानाच्या आड आहे. तो आम्ही सलग तीन पावसात जाऊन पाहिला, मग बोलणी केली. माल जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर असतो. प्लास्टिकमध्ये गच्च बांधत नाही, आत घाम धरतो. पांढरे आणि जरीचे कापड मेच्या वीस तारखेला भिवंडीच्या गोदामात परत जाते. करार जून ते जून न करता दसऱ्यापासून करून घेतला आहे आणि पावसाच्या चार महिन्यांचे भाडे निम्मे ठरले आहे. मालक आधी तयार नव्हता. जुलैच्या एका दुपारी आम्ही दोघे छत्री घेऊन त्याच्याच बाजारातून फिरलो, पंचवीस दुकानांत मिळून चार गिऱ्हाईके दिसली, मग तो तयार झाला.