ब्रेव्ह्ज शहर सोडून उपनगरात का गेले?

अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाने २०१३ मध्ये टर्नर फील्ड सोडण्याचे जाहीर केले. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेले हे स्टेडियम तेव्हा विशीतही पोचले नव्हते!

नवी जागा ठरली शहराच्या उत्तरेकडील उपनगरी कॉब काउंटीत, आय-७५ आणि आय-२८५ या महामार्गांच्या संगमाजवळ. संघाने तिकिटे घेणाऱ्यांचा नकाशाच मांडला; बहुतेक ठिपके उत्तरेच्या उपनगरांत होते.

शिवाय इथे स्टेडियमभोवतीची जमीनही विकसित करता येणार होती. दुकाने, हॉटेल, कार्यालये यांचे उत्पन्न संघाला वर्षभर मिळते. खरे आकर्षण बहुधा हेच.

नव्या स्टेडियमच्या खर्चापैकी सुमारे ३० कोटी डॉलरचा भार काउंटीने उचलला. २०१७ मध्ये सामने सुरू झाले. अटलांटाची मेट्रो मात्र तिथे पोचत नाही, त्यामुळे बहुतेक प्रेक्षक मोटारीनेच येतात.