विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं तर?

खिडकीतून घाटकोपरच्या चाळींवरची निळी ताडपत्री दिसायला लागली होती. पाऊस मरणाचा. चाकं बाहेर आल्याचा धप्प आवाज झाला, आता टेकणारच. आणि अचानक इंजिनं किंचाळली, पाठ सीटला चिकटली आणि आमचं विमान थेट वर निघालं.

आई माझ्या मनगटात नखं रुतवत म्हणाली, "काऊन गं, वर काऊन चाललं हे?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं? मी म्हटलं, "असंच असतं." साफ खोटं. मला घंटा काही माहीत नव्हतं.

थोडं मागे जाऊ. गेल्या जुलैत मामेभावाचं साक्षगंध होतं डोंबिवलीला. आई आयुष्यात विमानात बसली नव्हती आणि अहमदाबादच्या अपघाताला जेमतेम महिना झाला होता. ती नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसनेच जायचं म्हणत होती. मीच हट्ट केला. माझी ती तिसरी विमानवारी, त्यामुळे घरात मी एक्स्पर्ट. इंटर्नशिपच्या पैशातून तिकिटं काढली होती, शायनिंग मारायची होती ना! म्हणजे त्या क्षणी आईला काही झालं असतं तर जबाबदार कोण? मीच. पोटात गोळा आला तो याचाच.

खाली जुहूचा राखाडी समुद्र दिसला, मग ढग, मग काहीच नाही. कुणी काही बोलेना. स्पीकर गप्प. एअर होस्टेस पट्टा बांधून समोर बघत बसलेली. मागे कुणीतरी मोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागलं. विमान वर जाणं नव्हे, ही शांतता भयानक होती. तीन-चार मिनिटं असतील, पण मला वाटलं, वैमानिकच घाबरलाय आणि आपल्यापासून काहीतरी लपवतोय.

शेवटी घोषणा झाली. पावसामुळे धावपट्टी नीट दिसली नाही, परत प्रयत्न करतोय. बस्स, एवढंच! हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून मी जाम भडकले. तक्रारीचा मेल मनातल्या मनात लिहूनही झाला.

तो पाठवला नाही, कारण घरी येऊन वाचलं. याला म्हणतात 'गो-अराउंड'. उतरताना एका ठरावीक उंचीपर्यंत, बऱ्याचदा साधारण 200 फुटांपर्यंत, धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर वैमानिकाने रेटायचं नाही, वर जायचं, असा नियमच आहे. खिडकीतून खालची ताडपत्री दिसते म्हणून समोरचं दिसतंच असं नाही. वारा अचानक फिरला, आधीचं विमान धावपट्टीवरून हललं नाही, तरीही हेच करतात. सिम्युलेटरमध्ये याचा सराव वारंवार होतो. इंजिनांची ताकद वाढवा, नाक वर, चाकं आत. आपल्याला जो गोंगाट ऐकू येतो तो हाच.

आणि शांतता? वैमानिकांना तीन शब्द क्रमाने शिकवतात : एव्हिएट, नेव्हिगेट, कम्युनिकेट. आधी विमान सांभाळा, मग दिशा ठरवा, मग बोला. त्यातही कंट्रोल टॉवरशी आधी. आपला नंबर सगळ्यात शेवटी! मी जिला लपवाछपवी समजत होते, ती कामाची यादी होती. (तरी केबिन क्रूने एक वाक्य टाकायला हवं होतं, हे माझं मत अजून कायम आहे.)

बोलणं किती साधं असू शकतं, याचं भारी उदाहरण 1982चं आहे. ब्रिटिश एअरवेजचं लंडनहून ऑकलंडला निघालेलं, वाटेत मुंबईलाही थांबलेलं जम्बो विमान 24 जूनच्या रात्री इंडोनेशियातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. चारही इंजिनं बंद. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना शांतपणे तेच सांगितलं, की चारही बंद पडलीत, सुरू करायचा प्रयत्न चाललाय. काहींनी घरच्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या. विमान तरंगत खाली आलं, राखेतून बाहेर पडलं, इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि जकार्ताला सगळे जिवंत उतरले.

एक गोष्ट मात्र खरंच मनावर घ्या. मे 2024 मध्ये लंडनहून सिंगापूरला चाललेलं विमान म्यानमारवर जोरदार हवेच्या झोतात सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. पट्टा न बांधलेले लोक छताला आपटले. दिवा विझला तरी पट्टा सोडू नका, सैल ठेवा हवं तर.

आमचं विमान दुसऱ्या खेपेला टेकलं. टाळ्या पडल्या. आईने पर्समधून डबा काढला आणि विमान थांबायच्या आधीच शेजारच्या काकांना सांबारवडी दिली.

परत येताना तिने विदर्भचंच तिकीट काढायला लावलं. इगतपुरीला समोरच्या बर्थवरच्या बाईंना तिने सगळा किस्सा सांगितला. सकाळी बडनेऱ्याला नवीन प्रवासी चढले, त्यांनाही सांगितला. तोपर्यंत आमचं विमान समुद्राला टेकून वर आलेलं होतं, आणि घाबरून रडत होते मी.