पापड, वेफर आणि फळीवरची जागा

पापड कशाला म्हणावे, असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारणार नाही. इंग्लंडमध्ये मात्र २०२४ साली एका कर-न्यायाधिकरणाला त्यावर निकाल द्यावा लागला. त्या देशात बहुतेक अन्नपदार्थांवर मूल्यवर्धित कर पडत नाही. बटाट्याच्या वेफरांवर तो २० टक्के पडतो. वॉकर्स कंपनीने पापड म्हणून विकावयास ठेवलेल्या पदार्थात बटाट्याचा अंश सुमारे ४० टक्के निघाला, आणि नाव पापडाचे असले तरी त्याला कर वेफरांचाच लागेल, असा निर्णय झाला. २००९ साली प्रिंगल्सवरही हाच प्रसंग आला होता. आपल्या सुगरणींना या वादाचे हसू येईल. आम्हांलाही आले. परंतु पाकिटावरील नाव बाजूला ठेवून आत काय आहे ते पाहण्याची ही चिकाटी आम्हांला हेवा वाटण्याजोगी वाटते.

स्विंडनसारख्या शहरी वसलेल्या गोमंतकीयांना शेव-चिवडा आता दूर शोधावा लागत नाही. ‘बॉम्बे मिक्स’ या नावाने तो इंग्रजी सुपरमार्केटात वेफर आणि खारे शेंगदाणे यांच्या पंगतीस बसला आहे. पण त्या पंगतीलाही नियम आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमधील मोठ्या दुकानांत चरबी, साखर व मीठ यांचे प्रमाण अधिक असलेला तयार खाऊ प्रवेशद्वारापाशी, फळ्यांच्या टोकांना किंवा पैसे चुकते करण्याच्या जागी मांडता येत नाही. खाऊ विकण्यास बंदी नाही. ज्याला हवा त्याने आत जाऊन घ्यावा. रांगेत उभ्या असलेल्या आईचा पदर ओढणाऱ्या मुलाच्या हाताशी तो येऊ नये, एवढीच काळजी कायद्याने घेतली आहे.

चिली याहून पुढे गेला. तेथे २०१६ पासून अशा पाकिटांवर काळे अष्टकोनी ठसे उमटवावे लागतात आणि मुलांना भुलवणारी चित्रे काढून टाकावी लागतात. मेक्सिकोने २०१४ साली अतिउष्मांकाच्या खाऊवर ८ टक्के कर बसवला, २०२० साली ठसे आणले व २०२५ साली शाळांतून असा खाऊ हद्दपार केला.

आपल्याकडे वारा उलट दिशेने वाहतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाकिटबंद फरसाण व वेफर यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाचे चार पैसे वाचले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु पाकिटाच्या दर्शनी बाजूस ठळक इशारा छापण्याचा प्रश्न रेंगाळतच राहिला. २०२२ साली ताऱ्यांनी दर्जा दाखवण्याचा मसुदा निघाला. एखाद्या चांगल्या घटकाच्या आडून साखर-मीठ लपेल, हा त्यावरील आक्षेप रास्त होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी मागितल्या, आणि पुढे ती मुदतही वाढवून द्यावी लागली. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत असा खाऊ विकू नये, हा नियम २०२० पासून आहे खरा. शाळा सुटताना समोरच्या गाड्यावर लोंबणाऱ्या माळा पाहिल्या की तो नियम कोणी वाचला असेल, अशी शंका येते.

कोणी म्हणेल, जत्रेतले आपले खाजे काय पथ्याचे अन्न आहे? बेसन तळून गुळात घोळवलेला तो पदार्थ, पथ्याचा नव्हेच. पण खाजे जत्रेबरोबर येई आणि पुडी संपली की पुढच्या जत्रेपर्यंत वाट पाहावी लागे. आज पाच-दहा रुपयांच्या पाकिटाला ना जत्रा लागते ना सण. वर्षाचे बाराही महिने, मुलाचा हात पोहोचेल त्याच उंचीवर ते टांगलेले असते. पोरांच्या डब्यातील भाकरी-भाजी न खाता परत येते, ही आयांची तक्रार याच ठिकाणी सुरू होते.

दिल्लीतील निर्णय केव्हा व्हायचा तेव्हा होईल. पणजी, मडगाव, म्हापसा येथील सुपरमार्केटांच्या चालकांनी गल्ल्याशेजारची ही पाकिटे उद्याच आतल्या फळीवर न्यावीत आणि मोकळ्या झालेल्या जागी गावठी केळी ठेवावीत, असे आम्ही सुचवतो. त्याकरिता कोणाच्याही परवान्याची गरज नाही.