जुना डबा टीव्ही भंगारात देऊ नका. जुन्या कॉम्प्युटरला तोच लागतो!

धर्मापुरी (ता. परळी) : माळ्यावरचा डबा टीव्ही चालू असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. जुने कॉम्प्युटर जपणारे हौशी लोक तोच शोधत असतात.

१९८०च्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर टीव्हीलाच जोडायचे. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये इंग्लंडच्या स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती आणली, तीही तशीच. ती नेहमीच्या कॉम्प्युटर मॉनिटरवर दिसत नाही. कारण टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो, मॉनिटरला साधारण ३१ हजार लागतात. नुसती पिन बदलून काय उपयोग?

स्पेक्ट्रमची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी बसते. सिग्नल यूएचएफ ३६ चॅनलवर येतो, म्हणजे पूर्वी दूरदर्शन शोधायचे तसं ट्यूनिंग आलंच. टीव्हीत यूएचएफ नसेल तर खेळ खल्लास. जाणकार मग कॉम्प्युटरमधल्या डबीतूनच पिवळ्या पिनेची वायर काढून घेतात. पिवळं सॉकेट एलसीडीलाही असतं, पण त्यातले काही सेट हा जुना सिग्नल पकडत नाहीत. डबा टीव्ही सहसा पकडतो.

टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.