बंडूचा शर्ट गुलाबी कसा झाला?

मुलांनो, आधी माझी एक चूक सांगते, मग धुण्याच्या बादलीकडे वळू.

मागच्या वर्षी १५ ऑगस्टला आमच्या चौथीच्या वर्गाची लेझीम होती. सगळ्यांना पांढरे शर्ट. पहिल्या ओळीत, अगदी मधोमध, बंडू. (त्याचं खरं नाव वेगळं आहे. ते छापणार नाही असं मी त्याला कबूल केलंय.) हातात लेझीम आली की या पोराचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. तर सकाळी सात वाजता बंडू मैदानावर हजर झाला, आणि शर्ट गुलाबी! रंगपंचमीनंतर दोनदा धुतलेल्या कपड्याचा असतो ना, तसा फिक्का गुलाबी. पोरं फिदीफिदी हसायला लागली. पाहुणे यायची वेळ झालेली. मी काही म्हणता काही विचारलं नाही. त्याच्या हातातली लेझीम दुसऱ्याला दिली आणि त्याला शेवटच्या ओळीमागे उभं केलं.

खरी हकीकत दुसऱ्या दिवशी कळली. आमची शाळा सोलापुरात. बंडूची आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर जाते, सकाळी लवकर निघते. घरचं धुणं तिसरीपासून बंडूच करतो. पांढरा शर्ट एकच. चौदा तारखेच्या संध्याकाळी त्यानं तो बादलीत टाकला, सोबत आईचा नवा मरून परकर. शर्ट चांगला निघावा म्हणून पाणी गरम घेतलं. चांगला निघावा म्हणून पावडर दोन मुठी जास्त घातली. आणि चांगला निघावा म्हणूनच रात्रभर भिजत ठेवला. पहाटे उठून पाहतो तर हे असं! तोच शर्ट त्यानं पिळला, दोरीवर टाकला, अर्धवट ओला असतानाच तांब्यात निखारे घालून इस्त्री केली आणि घालून आला.

मी त्याला मैदानावर सगळ्यांसमोर मागे उभं केलं होतं, म्हणून वर्गात सगळ्यांसमोरच म्हटलं, "बंडू, मी चुकले. आधी विचारायला हवं होतं." त्यावर तो काय म्हणाला माहीत आहे? शर्टाचा खालचा काठ उलटा करून म्हणाला, "बाई, पण शिवण बघा ना. ती पांढरीच राहिली!"

खरंच की! सगळा शर्ट गुलाबी आणि शिवणीचे टाके मात्र पांढरेशुभ्र. त्याच बादलीत, त्याच पाण्यात, रात्रभर. मग टाक्यांना रंग का नाही लागला? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. गणिताची वही बंद केली आणि आमचा तपास सुरू झाला.

पहिला संशय एका मुलीनं हळदीवर घेतला. तिचं म्हणणं, "वरणाचा डाग पडला असेल. हळदीला साबण लावला की लाल होतं." मुद्दा बिनतोड होता. हळद साबणाच्या पाण्यात लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी होते. (घरी करून पाहा, पण शाळेच्या शर्टावर नको.) आम्ही बंडूच्या शर्टाच्या टोकावर लिंबाचे दोन थेंब टाकले. रंग जसाच्या तसा गुलाबी. हळद सुटली निर्दोष. आता आरोपी एकच उरला, परकर.

वर्गातल्या एका मुलीचे वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात काम करतात. शनिवारी ते शाळेत आले. तेलुगू वळणाचं त्यांचं मराठी ऐकायला फार गोड. आमच्याकडे चादरी आणि टॉवेलांसाठी आधी सूत रंगवतात आणि मग विणतात. त्यांनी लाल सुताची एक लडी आणली होती. ती पाण्यात बुडवून पांढऱ्या कापडावर दाबली. कापड कोरं राहिलं. "हा पक्का रंग," ते म्हणाले.

पक्का आणि कच्चा म्हणजे काय? काही रंग सुताच्या धाग्याशी कायमचे जोडले जातात. पण कोणत्याही रंगाच्या टाकीत सगळाच्या सगळा रंग असा जोडला जात नाही. थोडा नुसताच धाग्याला बिलगून राहतो. तो सुटा रंग काढायला रंगवल्यानंतर सूत गरम साबणाच्या पाण्यात आणि मग साध्या पाण्यात पुनःपुन्हा धुवावं लागतं. त्याला पाणी लागतं, जळण लागतं, वेळ लागतो. स्वस्तात माल काढायचा म्हणून कुणी या धुण्यात काटकसर केली, की उरलेलं धुणं तुमच्या-आमच्या मोरीत होतं. शिवाय काही स्वस्त रंग धाग्याला मुळातच सैल धरतात. ते धुण्यागणिक जात राहतात.

आणि टाके? पाहुण्यांनी एक टाका उसवून काडीच्या ज्योतीजवळ नेला. (हे मोठ्यांनीच करायचं बरं का.) धागा जळण्याऐवजी आक्रसला आणि त्याची कडक गोळी झाली. म्हणजे धागा पॉलिएस्टरचा. बंडूचा शर्ट सुती. कापूस पाणी पितो आणि पाण्यातून आलेला असला रंगही धरून ठेवतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे सुती कपड्याचा रंग त्याला पकडता येत नाही. एखाद्याचा शर्ट टेरिकॉटचा असता तर तो याच बादलीतून बराच कमी गुलाबी होऊन निघाला असता. गरीब बिचारा सुती शर्ट, अंगाला सर्वांत सुखाचा आणि रंग लावून घ्यायला सर्वांत पुढे!

सोमवारी आम्ही वर्गात चार काचेचे पेले मांडले. बंडूनं आईची परवानगी घेऊन परकराच्या आतल्या शिलाईचं जास्तीचं कापड आणलं होतं. प्रत्येक पेल्यात त्याची एक चिंधी आणि पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी. पहिल्यात गार पाणी, दहा मिनिटं. दुसऱ्यात गार पाणी, शाळा सुटेपर्यंत. तिसऱ्यात गरम पाणी, दहा मिनिटं. चौथ्यात गार पाणी आणि दोन चमचे मीठ, तेही शाळा सुटेपर्यंत. मीठ कशाला? कारण निम्म्या वर्गानं सांगितलं होतं, "आमची आजी म्हणते, मिठानं रंग बसतो."

पहिली पट्टी जवळजवळ पांढरी. दुसरी गुलाबी. तिसरी दहा मिनिटांतच दुसरीच्या बरोबरीला आली. चौथ्या पेल्यातलं पाणी दुसऱ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे आजीपक्षाची पोरं टाळ्या वाजवायला लागली. पण पट्टी बाहेर काढली तर ती चांगलीच गुलाबी! रंगवाल्या काकांना विचारलं तर ते हसले. "आम्ही रंगवताना टाकीत मीठ घालतोच की. मीठ रंगाला पाण्यातून सुताकडं ढकलतं." म्हणजे आजींचं म्हणणं अर्धं खरं. मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटतो, पण सुटलेला रंग शेजारच्या पांढऱ्या कपड्याकडेही ढकलला जातो. आणि पुढच्या धुण्यात साधं पाणी मिळालं की परकर आपला पुन्हा सुरू.

तर मग पांढरे कपडे वेगळे धुवायचे का? पुस्तकी उत्तर आहे, हो. पण मी ते फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पाणी?" आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पांढऱ्यांची एक बादली, रंगीतांची दुसरी, नव्यांची तिसरी, असं सांगणं सोपं आहे. ज्याच्या घरी धुण्याला मोजून पाणी मिळतं त्यानं काय करायचं?

याचं उत्तर बंडूच्याच शेजारच्या आजींकडे मिळालं (मिठाच्या वेळची भरपाई म्हणा हवं तर). त्या बादल्या वाढवत नाहीत, क्रम लावतात. साबणाच्या पाण्यात आधी पांढरे. ते काढले की त्याच पाण्यात फिक्या रंगाचे. मग गडद. पायपुसणी आणि नवे रंगीत कपडे अगदी शेवटी. खळबळायच्या पाण्यालाही तोच क्रम. पाणी एका थेंबानं वाढत नाही आणि परकराची न् शर्टाची गाठच पडत नाही. घरी दोन टबांचं मशीन असेल तर आई-बाबांनो, तिथंही साबणाचं तेच पाणी या क्रमानं वापरता येतं.

रंग न जाणारे जुने रंगीत कपडे पांढऱ्यांबरोबर धुतले तर आभाळ कोसळत नाही. बंडूसारखा प्रकार त्यातून होत नाही. पण गडद कपड्यांचा मळ आणि किंचित सुटणारा रंग पांढऱ्यांवर बसत जातो आणि काही महिन्यांनी शर्ट राखाडी दिसायला लागतो. मग आपण नीळ घालतो. नीळ डाग काढत नाही. तिच्या निळसर छटेनं पिवळटपणा झाकला जातो, एवढंच. राखाडी शर्टाला तिचा काय उपयोग? नवा कपडा कोणत्या गटातला ते ओळखायला त्याचा आतला कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहायचा, दोन मिनिटांचं काम. आणि रंग जाणारं काहीही, मग ते एकटं का असेना, रात्रभर भिजत घालायचं नाही. नाहीतर त्याच्या स्वतःच्याच पांढऱ्या फुलांवर रंग चढतो.

आता बंडूच्या शर्टाचं काय झालं ते सांगते. रंग लागलेला कपडा ओला आहे तोवर पुन्हा साबणाच्या स्वच्छ पाण्यात टाकला, पाणी बदलत राहिलं, तर बराच रंग निघतो. एकदा वाळून इस्त्री झाली की काम अवघड. बंडूच्या शर्टावर तर इस्त्री फिरली होती. म्हणून त्याच्या आईनं सुट्टीच्या दिवशी बादलीभर पाण्यात थोडं ब्लीच मिसळून शर्ट त्यात थोडा वेळ ठेवला. मुलांनो, हे काम आईबाबांचंच. ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्याला चालतं, लोकर आणि रेशीम त्यानं खराब होतं. आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड त्यात कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. शर्ट पांढरा झाला. फक्त कॉलरच्या आत, जिथं कापड दुहेरी आहे, तिथं गुलाबी छटा राहिली.

२६ जानेवारीला बंडू पहिल्या ओळीत होता. लेझीम सुरू व्हायच्या आधी धावत आला, कॉलर वर करून म्हणाला, "बाई, इथं अजून आहे. चालेल?" मी म्हटलं, "पळ, हलगी सुरू झाली."

वर्गाच्या भिंतीवर आम्ही एक तक्ता लावला होता. ज्याच्या घरी नवा रंगीत कपडा येईल त्यानं धुताना पाणी पाहायचं आणि किती धुण्यांनंतर रंग जायचा थांबला ते लिहायचं. निळी चादर, तीन. लाल टॉवेल, दोन. हिरवा झगा, चार. दोन कपड्यांपुढे वर्ष संपेपर्यंत आकडा पडलाच नाही. त्यातला एक बंडूच्या आईचा परकर होता. दुसरी, काय सांगू, मी दुकानदाराशी घासाघीस करून घेतलेली जांभळी साडी.